‘कॅटफिशच आहे रे’: घरच्या टाकीतल्या एका विषारी दंशाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे ज्यांच्या बाबतीत घडले त्यांना इथे नुसते ‘दादा’ म्हणतो. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. घटनाक्रम मात्र आम्ही दोघांनी फोनवरचे निरोप आणि फोटोंच्या वेळा पाहून जुळवला आहे. लिहायला त्यांची हरकत नव्हती. अट एकच घातली: ‘माझी चूक लिहितोस तर तुझीही लिही.’ ती पुढे येईल.

दादा पंधरा वर्षे मासे पाळतात. त्यातली पहिली तेरा गोड्या पाण्यात गेली, आणि तिथेही त्यांचा जीव तळाशी वावरणाऱ्या माशांवर. कोरिडोरस, म्हणजे आपण ‘कोरी’ म्हणतो ते छोटे कॅटफिश, त्यांच्या टाकीत अंडी घालून वाढले. काचेला चिकटून शेवाळ खरवडणारे सकर होते. टाकी बदलताना कोरी जाळीत अडकली की दादा खालून तळहात धरत आणि बोटांनी अलगद सोडवत. कधी बारीकसे टोचलेच तर बोट झटकून पुढच्या कामाला लागत. तेरा वर्षांत हाताला हे वळण पडले होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी चारशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी सुरू केली. तळाशी पडलेले खाणे वेचायला कोणीतरी हवे होते आणि तळ साफ ठेवतो तो कॅटफिश, हे गणित त्यांच्या डोक्यात पक्के होते. दुकानात एका टाकीत बोटाएवढी काळी पिल्ले एकमेकांवरून लोळत होती. प्रत्येकाच्या अंगावर लांबीच्या दिशेने दोन पांढरे पट्टे. मागची पिल्ले पुढच्यांच्या अंगावरून पुढे येत, खाली चोच मारत आणि पुन्हा मागे पडत, त्यामुळे सगळा घोळका चेंडूसारखा वाळूवरून घरंगळत होता. हे पाहून न घेता परतणारा माणूस विरळा. विक्रेता म्हणाला, ‘कोरल कॅटफिश. खाऱ्या पाण्यात चालतो. काहीही खातो, मरत नाही.’ तिन्ही वाक्यांत खोटे काही नव्हते. दादांनी सहा पिल्ले घेतली.

चौदा महिन्यांनी त्यातली चार उरली होती आणि ती वीतभर झाली होती. पट्टे फिके पडले होते. दिवसा चौघे एका कपारीत शेपट्या आत करून बसत आणि दिवे गेले की बाहेर पडत. टाकीतली कोळंबी एकेक करून नाहीशी झाली, मग तळाचे दोन छोटे मासेही. दादांना शंका आली होती, पण ती त्यांच्या भुकेबद्दल. काट्यांबद्दल नव्हे.

हा कॅटफिशांतला कोण?

इथे घटना थोडी थांबवतो, कारण पुढच्या सगळ्या चुका या प्रश्नाच्या उत्तरात दडलेल्या आहेत.

कॅटफिश हे एका माशाचे नाव नाही. तो सिल्युरिफॉर्मीस नावाचा अख्खा गण आहे आणि त्यात चार हजारांच्या आसपास जाती आहेत. पुस्तकी मराठीत त्यांना मार्जारमीन म्हणतात. बोलण्यात शिंगाळा, मागूर, शिंगी अशी एकेकाची वेगळी नावे येतात. मासे पाळणाऱ्यांच्या तोंडी मात्र सरसकट कॅटफिश. या एका शब्दाखाली मेकाँग नदीत 2005 साली पकडलेला 293 किलोंचा महाकाय मासा येतो आणि दीड-दोन इंचांची कोरीही येते. आफ्रिकेतला विजेचा झटका देणारा कॅटफिश येतो, ज्याच्या अंगावर काटाच नाही, पण त्याला साडेतीनशे व्होल्टपर्यंतचा दाब निर्माण करता येतो. सकरच्या अंगावर हाडांच्या ढाली असतात आणि त्याला विषग्रंथी नसतात. एवढ्या पसाऱ्यात ‘कॅटफिश असा वागतो’ हे विधान बहुतेक वेळा अर्धवटच ठरते.

तरी काही गोष्टी बहुतेकांत सारख्या आहेत. तोंडाभोवती मिशा असतात. अंगावर खवले नसतात. आणि तीन काटे असतात: एक पाठीवरच्या पहिल्या पराच्या सुरुवातीला, दोन छातीच्या परांच्या सुरुवातीला. हे काटे उभारले की बुडाशी अडकून बसतात, दाबले तरी मिटत नाहीत. गिळायला आलेल्या मोठ्या माशाच्या घशात असा त्रिशूळ उघडला की गिळणे अवघड. जाळीच्या दोऱ्यात अडकला की सोडवणेही तितकेच अवघड.

विष याच काट्यांवर असते. सापाच्या दातासारखी नळी नाही, दाबून सोडायची पिचकारी नाही. काट्यावर कातडीचे पातळ आवरण असते आणि विषग्रंथींच्या पेशी त्या आवरणात असतात. काटा घुसला की आवरण फाटते आणि विष जखमेत मिसळते. मासा चावत नाही, मागे लागत नाही. आपणच त्याच्यावर हात दाबतो.

आता मुख्य मुद्दा. असे विषारी काटे असणारे कॅटफिश मोजके असतील असे मलाही वाटायचे. 2009 साली मिशिगन विद्यापीठातल्या जेरेमी राइट यांनी या गणातल्या कुळांच्या काट्यांची ऊती तपासून जो अंदाज मांडला, त्यात विषारी जातींची संख्या किमान 1,250 आहे आणि ती 1,600च्या पुढेही जाऊ शकते. म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. दादांची लाडकी कोरीसुद्धा याला पूर्ण अपवाद नाही. तिचा काटा टोचला की होणारी चुणचुण नुसत्या टोचण्याची नसते. तेरा वर्षे दादा विषारी मासेच हाताळत होते म्हणा ना. फक्त मात्रा इतकी कमी होती की ते लक्षात आले नाही.

दुकानातला पट्टेरी मासा म्हणजे प्लोटोसस लिनिएटस. थनबर्ग यांनी 1787 साली त्याचे वर्णन केले. मिशांच्या चार जोड्या, खवले नसलेले अंग आणि तीन काटे, इथवर तो चारचौघांसारखा कॅटफिश आहे. पुढे तो वेगळा होत जातो. बहुतेक कॅटफिश नद्या-तळ्यांतले, हा समुद्रातला. तोही प्रवाळ खडकांवरचा, जिथे दुसरा कॅटफिश सहसा भेटत नाही. तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून जपान, ऑस्ट्रेलिया आणि सामोआपर्यंत तो पसरला आहे. शेपटीचा पर, पोटाखालचा पर आणि पाठीवरचा दुसरा पर एकमेकांना जोडलेले असल्याने मागून पाहिले तर वाम वाटावी. खाऱ्या पाण्यात राहायचे तर अंगातले जास्तीचे मीठ बाहेर टाकावे लागते. त्यासाठी त्याच्या गुदद्वाराजवळ झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो. गोड्या पाण्यातल्या कॅटफिशला त्याची गरजच नाही.

पिल्ले चेंडू करून राहतात त्याला जपानीत ‘गोंझुई-दामा’ म्हणतात. गोंझुई हे माशाचे नाव आणि दामा म्हणजे गोळा. आपला घोळका कोणता हे ती डोळ्यांनी नव्हे, अंगातून झिरपणाऱ्या रसायनांच्या वासावरून ओळखतात. मोठी झाली की घोळका सुटतो. वाढ 32 सेंटिमीटरपर्यंत होऊ शकते, हे विक्रेत्याने सांगितले असते तरी खरेदी कदाचित थांबली असती.

आणि विष. काटे दोन्ही बाजूंनी करवतीसारखे दातेरी असतात, त्यामुळे घुसताना कापतात आणि निघताना पुन्हा कापतात. विषात मज्जातंतूंवर काम करणारे आणि रक्तपेशी फोडणारे असे दोन्ही गुण आढळले आहेत. त्वचेवरच्या बुळबुळीतही विषारी प्रथिने असतात. म्हणजे जखमेत काट्यावरचे विष जाते आणि अंगावरच्या बुळबुळीचेही. कोरीचा काटा काही मिनिटांत विसरला जातो. शिंगीचा ज्याला लागला आहे तो तिला विसरत नाही. प्लोटोससचा दंश त्याच्याही पुढचा आहे. वेदना तासन्‌तास, कधी दोन दिवसही राहते, आणि क्वचित प्रसंगी तो जिवावर बेतू शकतो.

थोडक्यात, दादांचा अनुभव खोटा नव्हता. तो दुसऱ्याच नातेवाइकांचा होता.

जाळी, घाई आणि अंगठा

एका संध्याकाळी दादांना टाकीच्या कोपऱ्यातून पाणी पाझरताना दिसले. सिलिकॉनचा सांधा सुटत होता. टाकी तासा-दोन तासांत रिकामी करायलाच हवी होती. पहिला निर्णय याच घाईत झाला: मासे नेहमीच्या बारीक विणीच्या जाळीने काढायचे.

तीन मासे कसेबसे निघाले. चौथ्याने जाळीत काटे उभारले. छातीच्या पराचा काटा दोऱ्यातून आरपार गेला आणि मासा लटकून राहिला. पाण्याबाहेर तो तडफडतो आहे हे पाहून दादांच्या हाताने तेरा वर्षांची सवय पाळली. तळहात जाळीखाली गेला. माशाने एक झटका दिला आणि काटा अंगठ्याच्या बुडाशी, मांसल उंचवट्यात शिरला. दादांनी हात ओढला. मासा जाळीतच राहिला.

वेदना लगेच आली. दादांच्या शब्दांत, ‘निखारा आत ठेवून मूठ मिटावी तशी.’ काही मिनिटांत ती मनगटापर्यंत आणि मग कोपरापर्यंत चढली. जखमेभोवतीची कातडी आधी पांढरी पडली, नंतर निळसर. रक्त फारसे आले नाही.

दोन फोन

सुमारे वीस मिनिटांनी दादांनी मला फोन केला. आवाज घट्ट होता.

‘अरे, मासा टोचला. हात जळतोय नुसता.’

‘कोणता मासा, दादा?’

‘कॅटफिशच आहे रे.’

मी म्हणालो, ‘मग धुऊन घ्या स्वच्छ, बर्फ लावा. थोड्या वेळात उतरेल.’

ही माझी चूक. ‘कॅटफिश’ ऐकल्यावर माझ्याही डोळ्यांपुढे कोरी आली. त्यांची टाकी खाऱ्या पाण्याची आहे हे मला माहीत होते. चौदा महिन्यांपूर्वी त्या पिल्लांचा व्हिडिओही मी पाहिला होता. तरी पुढचा प्रश्न विचारला नाही.

दहा-बारा मिनिटांनी वहिनींनी फोटो पाठवला. हाताचा नव्हे, माशाचा. खाली लिहिले होते, ‘याची मिशी लागली की काय? मिशीत विष असतं म्हणतात.’ मिशीत विष नसते. मिशा हे नाक आणि जीभ यांच्यामधले काहीतरी आहे. याच माशाचे जपानी भावंड, जे 2008 पर्यंत याच जातीत मोजले जायचे, वाळूत दडलेल्या किड्याच्या श्वासाने पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, 0.1 इतका उतरला तरी मिशांनी ओळखते, असे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पण वहिनींचा प्रश्न चुकीचा असला तरी फोटो कामाचा होता. फिकट पट्टे, वामेसारखी शेपटी. मी लगेच फोन केला.

सल्ला उलटा झाला: बर्फ काढा. हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, साधारण 45 अंश सेल्सिअस. पाणी आधी दुसऱ्या, धड हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला ताप नीट कळत नाही आणि विषावर भाजण्याची भर पडते. पाणी निवले की बदला. किमान अर्धा तास, लागले तर दीड तास. दरम्यान श्वास लागला, चक्कर आली, छातीत दडपले किंवा अंगावर गांधी उठल्या तर पाण्यात बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

टाकीसाठी घेतलेला थर्मामीटर हाताशी होता, त्याने वहिनींनी पाणी मोजले. दहा मिनिटांत वेदना निम्म्यावर आली. पाणी निवले की ती परत चढायची आणि बदलले की उतरायची. हा खेळ तासभर चालला. गरम पाणी नेमके कसे काम करते यावर दोन मते आहेत. कॅटफिशचे विष प्रथिनांचे असते आणि उष्णतेने प्रथिने मोडतात, हे जुने उत्तर. खोल ऊतीत तेवढा ताप पोहोचतच नाही, उष्णता वेदनेच्या संवेदनेलाच दाबते, हे दुसरे. रुग्णाच्या दृष्टीने उत्तर कोणतेही असो, उपाय तोच.

इथे मला टोचते ते वेगळेच. फोटोतून जात कळली म्हणून मी सल्ला बदलला. पण गरम पाणी हा कोणत्याही विषारी काट्याच्या कॅटफिशसाठी पहिला उपाय आहे. जात न कळताही मी तेच सांगायला हवे होते. जात कळून फरक पडायचा तो एवढाच, की किती घाबरायचे आणि किती लवकर रुग्णालयात जायचे.

दवाखान्यात: ‘काटा लागला’

रात्री दादा जवळच्या एका दवाखान्यात गेले. त्यांनी सांगितले, ‘माशाचा काटा लागला.’

मराठीत या वाक्याचे दोन अर्थ होतात. ताटातल्या माशाचा काटा, म्हणजे हाड, आणि जिवंत माशाच्या परातला काटा, म्हणजे शस्त्र. ऐकणाऱ्याने पहिला धरला तर त्याला दोष देता येत नाही. जखम बाहेरून लहान दिसत होती. ती धुतली, दोन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, वेदनाशामक गोळ्या दिल्या. एक्स-रे काढला नाही. तो मागायचा असतो हे दादांना माहीत नव्हते आणि मी सोबत नव्हतो.

पाचव्या दिवशी अंगठा टम्म फुगला, टाक्यांतून पू आला, ताप चढला. दुसऱ्या रुग्णालयात जाताना मी दादांच्या हाती चिठ्ठी दिली. तिच्यावर माशाचे शास्त्रीय नाव, दातेरी विषारी काटा, दंशाची वेळ, गरम पाण्यात किती वेळ ठेवले, आणि शेवटी ‘जखमेत समुद्री टाकीचे पाणी गेले आहे’ ही ओळ. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची होती असे मला वाटते. अशा पाण्यात व्हिब्रिओसारखे जिवाणू असू शकतात आणि त्यांच्यासाठी प्रतिजैविक वेगळे निवडावे लागते. मायकोबॅक्टेरियम मरीनम हा जिवाणू तर काही आठवड्यांनी कातडीखाली गाठी होऊन उगवतो, तेव्हा मूळ दंश कोणाच्या ध्यानीही नसतो.

एक्स-रेमध्ये काट्याचे तुटलेले टोक दिसले, सुमारे चार मिलिमीटर. बधिरीकरण करून जखम पुन्हा उघडली, टोक काढले, भरपूर पाण्याने धुतले आणि या वेळी टाके न घालता जखम उघडीच ठेवली. या माशाच्या विषावर उतारा नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. स्टोनफिश या दुसऱ्या विषारी समुद्री माशावर प्रतिविष आहे, कॅटफिशवर नाही. त्यामुळे उपचार म्हणजे वेदना, तुटके काटे आणि जंतुसंसर्ग यांच्याशी झगडणे.

माशांचे काय करायचे?

हात पट्टीत असताना दुसरा प्रश्न उभा होता. चार विषारी मासे, उधारीच्या एका प्लास्टिकच्या टाकीत. पाच रस्ते पुढे आले.

काटे कापून टाकावेत असे एका परिचिताने सुचवले. काही जण तसे करतातही. दादांनी ते पहिल्या दमात नाकारले आणि मला ते पटले. माशाला जखम होते, छातीच्या परांचे काम बिघडते, आणि त्वचेवरचे विष तसेच राहते. वर काटे कापायला मासा हातात धरावा लागतो, हे सुचवणाऱ्याच्या लक्षात आले नसावे.

समुद्रात सोडणे हा दुसरा. ‘समुद्रातलाच आहे ना, मग तिकडेच जाऊ दे,’ हे ऐकायला नैसर्गिक वाटते. पण टाकीत चौदा महिने इतर प्रदेशांतल्या माशांसोबत राहिलेला मासा त्यांचे परजीवी आणि रोग घेऊन जातो. आणि तो जिथला नाही तिथे सोडला तर काय होते हे भूमध्य समुद्राने पाहिले आहे. हाच मासा तांबड्या समुद्रातून सुएझ कालव्याच्या वाटेने तिथे पोहोचला. इस्राएलच्या किनाऱ्याजवळ 2001 साली त्याची पहिली नोंद झाली. पुढे तो इतका वाढला की ट्रॉलरच्या जाळ्यांतले मासे निवडणाऱ्या मच्छीमारांच्या हातांना त्याचे काटे लागणे नित्याचे झाले. 2019 साली युरोपीय संघाने त्याला आक्रमक परक्या जातींच्या यादीत घातले. तिथे तो कोणी टाकीतून सोडला नव्हता, स्वतः गेला, हे खरे. तरी परक्या पाण्यात तो काय करू शकतो हे त्यातून दिसते.

दुकानात परत देणे हा तिसरा रस्ता. विक्रेता घ्यायला तयार होता. पण ते पुढे कोणत्या हातांत जातील याची खात्री नव्हती आणि दादांना तेच खुपत होते. लवंग तेलाच्या मात्रेने वेदनारहित मृत्यू देणे हा चौथा. आम्ही तो बाजूला ठेवला, कारण मासे धडधाकट होते आणि चूक त्यांची नव्हती. पाचवा: एकाच जातीसाठी वेगळी, झाकणाची टाकी, किंवा तशी टाकी असलेला अनुभवी पाळणारा.

शेवटी पाचव्याच्या दोन्ही वाटा धरल्या. दोन मासे खाऱ्या पाण्यातले मोठे मासे सांभाळणाऱ्या एका जाणकाराकडे गेले, दोन दादांकडे राहिले. नेताना प्लास्टिकची पिशवी वापरली नाही, काटे ती फाडतात. जाड भिंतीची झाकणाची बादली घेतली. मासे पकडायला जाळी नव्हे, पारदर्शक डबा. डबा पाण्यात आडवा धरायचा, मागून काठीने मासा हळूच हाकलायचा आणि पाण्यासकट उचलायचा. सगळे काम वीस मिनिटांत झाले. पहिल्या संध्याकाळी हाच डबा स्वयंपाकघरात होता.

निष्पत्ती

तीन आठवड्यांत जखम भरली. अंगठा पूर्ण मिटायला सहा आठवडे लागले. दोन महिन्यांनंतरही बुडाशी रुपयाएवढ्या जागेत बधिरपणा होता, आता तो जवळजवळ गेला आहे. कातडीखाली गाठी आल्या नाहीत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दादा सहा महिने त्यावर लक्ष ठेवून होते.

वेगळे काय करता आले असते

खरेदीच्या वेळी तीन प्रश्न पुरले असते: शास्त्रीय नाव काय, पूर्ण वाढ किती, काट्यांना विष आहे का. पहिल्याचे उत्तर मिळाले असते तर उरलेली दोन घरी बसून शोधता आली असती. दुकानी नावे फसवी असतात. याच माशाच्या पिल्लांसारखी दिसणारी, तशीच काळी आणि पट्टेरी, तशीच घोळक्याने फिरणारी ‘इंजिनिअर गोबी’ही दुकानांत मिळते. तिला ना मिशा, ना विष. पट्टे पाहून घाबरायचेही नाही आणि निर्धास्तही व्हायचे नाही. आधी तोंडाभोवती मिशा आहेत का ते पाहायचे.

टाकी गळत असताना घाई होणारच होती. पण घाईत लागणाऱ्या वस्तू आधी ठरलेल्या असू शकतात. डबा, जाड बादली आणि थर्मामीटर टाकीखालच्या कपाटात असते तर जाळी हातात आलीच नसती. हातमोज्यांबद्दल मी फारसा आशावादी नाही. दातेरी काटा साध्या रबरी मोज्यातून सहज जातो आणि मोजा घातला की माणूस जास्त धीट होतो. हात मुळात जवळ न नेणे हाच उपाय मला भरवशाचा वाटतो. इथे दादांचे मत वेगळे आहे, ते जाड मोजेही घालतात.

मासा जाळीत अडकलाच होता तर? जाळी कापायची. पंधरा वर्षांत दादांनी एकही जाळी कापली नव्हती, जाळी महाग म्हणून नव्हे, तसे कधी सुचलेच नाही म्हणून. जाळीसकट मासा पाण्यात ठेवून कात्रीने दोरे तोडले तर तो स्वतःच सुटतो.

माझ्या बाजूने, फोनवर ‘कोणता मासा’ याला उत्तर आले तरी ‘फोटो पाठवा’ म्हणायला हवे होते, आणि तो येईपर्यंत गरम पाणी सुरू करायला सांगायला हवे होते. बर्फाची दहा-बारा मिनिटे माझ्या खात्यावर आहेत. दवाखान्यासाठीची चिठ्ठीही पहिल्याच रात्री लिहायची होती, म्हणजे ‘काटा’ शब्दाचा घोटाळा झाला नसता आणि तुटके टोक पाच दिवस आत राहिले नसते.

एका गोष्टीवर आमचे अजून जमलेले नाही. माझ्या मते हा मासा घरगुती टाकीसाठी विकलाच जाऊ नये. बोटाएवढा असताना तो मोहवतो आणि वीतभर झाला की दिवसभर कपारीत बसतो, म्हणजे ज्या घोळक्यासाठी घेतला तोच उरत नाही. दादा म्हणतात, विकावा, पण नाव सांगून. त्यांचे दोन मासे आता आणखी बोटभर वाढले आहेत. टाकीच्या झाकणावर त्यांनी चिकटपट्टी लावली आहे, तिच्यावर फक्त ‘प्लोटोसस’ लिहिले आहे, आणि टाकी साफ करायला लांब चिमटा वापरतात, डाव्या हाताने, कारण उजव्या अंगठ्याची पकड अजून पहिल्यासारखी नाही.